आधी नळी, मग सांधा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (वाकून केला असता, पण सध्या वाकायची सोय नाही. कारण पुढे येईल, आणि ते तू भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवू नयेस अशी विनंती आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून पायऱ्या मोजतेस का? भाऊजींचा खोकला बरा असेल, किंवा सकाळचं फिरणं टाळण्यापुरता शिल्लक असेल. इकडे तुझी भावजय मजेत आहे आणि मी तिच्या नजरेखाली आहे. अक्षर मध्येच थरथरलेलं दिसलं तर घाबरू नकोस, तितकं वय झालेलं नाही. मी फ्रीजवर कागद ठेवून उभ्याने लिहितोय, आणि फ्रीजची मोटर सुरू झाली की माझे काने वाकडे जातात.

पत्र पाहून तू दचकली असशील. कुणाला काही झालेलं नाही. आख्खा जन्म टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेलेला माणूस पाकिटाला तिकीट लावून निरोप धाडतो, यावर भाऊजी दोन दिवस हसतील. हसू देत. पण फोनवर तू मध्येच प्रश्न विचारतेस, आणि तू प्रश्न विचारलास की मी खोटं बोलतो, ही माझी पाचवीतली सवय अजून गेलेली नाही. त्या दिवशी तू विचारलंस, परीक्षा झाली का रे, आणि मी म्हणालो, झाली की, मस्त झाली, पास झालो. त्यातलं 'झाली' एवढंच खरं आहे. तू ते शिवणाच्या क्लासातल्या सगळ्या बायकांना सांगितलंस, शेजारच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलंस, एवढंच नाही तर 'आमच्या बंधूंकडे आता उजेडाचं खातं आहे' असं म्हणालीस, हे मला भाऊजींकडून कळलं. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. (उतरतो, पण पूर्वीसारखा नाही.)

तर आता लिहूनच टाकतो. मी नापास झालो. एकदा नाही, दोनदा. तिसरी आणि शेवटची परीक्षा येत्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी आहे. त्यात गेलो तर माझी रवानगी तळघरातल्या स्टोअरमध्ये, खिडकीपाशी बसून इतरांना सामानाची पाकिटं काढून द्यायला. आणि मी नापास कशात झालो म्हणशील, तर एक करंगळीएवढी नळी घालायची विसरलो म्हणून.

हे काम कसं असतं ते सांगितल्याशिवाय माझा मूर्खपणा तुला पुरता समजायचा नाही, आणि तो अर्धवट समजलेला मला चालणार नाही. एकतीस वर्षं मी तांब्याची तार जोडली. सोलायची, पिळायची, वर टोपी चढवायची, झालं. खड्ड्यात बसून एका दिवसात दोनशे जोड्या जोडल्यात मी. ते काम म्हणजे डाव्या हातचा मळ. आता त्या तारा उपटून त्यांच्या जागी फायबर घालतायत. फायबर म्हणजे काचेचा धागा, केसाएवढा (तुझ्या केसाएवढा, माझ्या केसांचा दाखला द्यायचे दिवस गेले), आणि त्याच्यातून वीज नाही, उजेड जातो. त्या धाग्याचं वरचं रंगीत साल काढायचं, स्पिरिटने पुसायचं, टोक एका खास कातरीत सरळ कापायचं, आणि अशी दोन टोकं एका यंत्रात समोरासमोर ठेवून झाकण लावायचं. यंत्र तुझ्या शिवणयंत्राच्या डोक्याएवढंच असेल, पण त्याच्या छोट्या पडद्यावर ती टोकं खांबांएवढी दिसतात. ती आपणहून एकमेकांकडे सरकतात, मध्ये एक ठिणगी पडते आणि काच वितळून एकजीव होते. सांधा कुठे होता ते शोधून सापडत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, ताई, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शिकवणाऱ्या मॅडमना वाटलं डोळ्यांत स्पिरिट गेलं, आणि त्यांनी मला नळाखाली उभं केलं.

पण हा सांधा उघडा असतो. जरा वाकला की कट्कन तुटतो. म्हणून त्याच्यावर एक पारदर्शक नळी येते, आत बारीक स्टीलची काडी असते. ती सांध्यावर सरकवून यंत्रातच तापवायची, म्हणजे आकसून घट्ट बसते. मेख एवढीच, की ही नळी सांधा करायच्या आधी धाग्यात ओवून ठेवावी लागते. एकदा दोन टोकं एक झाली की नळी शिरवायला टोकच उरत नाही. मग तो सुंदर सांधा स्वतःच्या हाताने तोडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मणी आधी ओवायचा, गाठ मग मारायची, हे तुझ्या क्लासात पहिल्या दिवशी आलेल्या मुलीलाही कळेल. मलाही कळतं गं. पण तांब्याला टोपी शेवटी चढते. एकतीस वर्षं शेवटी चढवली. डोकं म्हणतं आधी नळी, आणि हात आधी सांधून मोकळे होतात आणि मग माझ्याकडे बघत बसतात.

मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत. मला काका म्हणतात, आणि रागावल्या की जास्त आदराने बोलतात. पहिल्या दिवशी वर्गात शिरून दहा मिनिटं झाली नसतील, मी सवयीने धागा दातांत धरला आणि साल ओढायला गेलो. (आमच्यातले सगळे दातांनी तार सोलतात. माझा पुढचा दात किंचित तिरका आहे ना, तो जन्मजात नाही, तो नोकरीत झालाय.) मॅडमनी माझ्या हनुवटीखाली कागद धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, थुंका." मी थुंकलो. त्या कागदाची घडी त्यांनी काचेच्या तुकड्यांच्या डबीत टाकली आणि वर्गाला सांगितलं, आज आपण काय करायचं नाही ते शिकतोय. मग माझी फुंकर. आमच्या धंद्यात धूळ दिसली की फुंकर मारायची, सांधा चांगला झाला तरी मारायची, वाईट झाला तरी मारायची. इथे फुंकरीची वाफ काचेवर बसली की सांध्यात बुडबुडा. तीन दिवस त्यांनी सांगितलं, तीन दिवस मी मान डोलावली आणि फुंकलं. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या तोंडाला मास्क बांधला. मग फुंकर वरून निसटून माझ्याच चष्म्यावर बसायला लागली, आणि मला धागाही दिसेना, यंत्रही दिसेना, मॅडम मात्र धुक्यातून दिसत. तुझ्या भावजयीला हे सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे." तिला या कामातलं काही कळत नाही, पण माझ्यातलं सगळं कळतं.

आता वाकायचं प्रकरण. तांब्याचे तुकडे आम्ही कधी फेकत नसू, मागच्या खिशात टाकायचो. परवा सराव करताना काचेचे तुकडे मी असेच, मन लावून, एकही खाली न सांडता, मागच्या खिशात साठवले. आणि मग बसलो. ताई, काचेचा हा तुकडा दिसत नाही, सापडत नाही, आणि बसल्यावर आपण तिथे असल्याचं विसरूही देत नाही. तुझी भावजय टॉर्च, भिंग आणि भुवयांचा चिमटा घेऊन दोन तास माझ्या मागे होती. (लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. एवढं लक्ष देऊन तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.) नऊ तुकडे निघाले, दहावा आहे असं मी म्हणतो, नाही असं ती म्हणते. पँट तिने चिमट्याने धरून कचऱ्यात टाकली. असो. तर म्हणून फ्रीज.

पहिली परीक्षा अशी झाली. बारा धागे, नव्वद मिनिटं. एका काळ्या डब्यात ते बारा सांधे नळ्यांसकट ओळीने बसवायचे, एक जरी उघडा राहिला तरी आख्खा डबा बाद. मी पहिला सांधा असा केला की यंत्राने पडद्यावर शून्य पूर्णांक शून्य एक दाखवलं, म्हणजे उजेड जवळपास गळतच नाही. मॅडमनी मान डोलावली. मी शेजाऱ्याकडे पाहून जरा हसलो. आणि मग समोरच्या डबीत बाराच्या बारा नळ्या मला दिसल्या. तोडला. पुन्हा केला, पुन्हा शून्य पूर्णांक शून्य एक, आणि पुन्हा डबीत बारा. दर वेळी कापताना चार बोटं धागा जातो. पाचव्या वेळी धागा इतका तोकडा झाला की यंत्रापर्यंत पोचेना, म्हणून मी यंत्रच उचलून छातीशी धरलं आणि धाग्याजवळ नेलं. तसं करताना मला मॅडमनी पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "काकासाहेब, राहू द्या." साहेब लावला म्हणजे संपलंच. तो धागा सोडून पुढचे घेतले, तरी नव्वद मिनिटांत माझे तीनच सांधे झाले होते, त्यातल्या दोहोंना नळ्या होत्या.

मग मी उपाय सुरू केले. तळहातावर पेनाने मोठ्या अक्षरात 'नळी' लिहिलं, ते स्पिरिटने धागा पुसताना पुसलं गेलं. अंगठ्याला दोरा बांधला, त्या दोऱ्याची एक तूस यंत्रात गेली आणि यंत्र अर्धा दिवस कण्हत होतं. यंत्राच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली, तर झाकण उघडलं की चिठ्ठी पलीकडे. समोर बसणाऱ्याला आठवण व्हायची, त्याची एकही नळी चुकली नाही, तो पास झाला. तुझ्या भावजयीला म्हटलं, निघताना तू आठवण करत जा. ती म्हणाली, मी अठ्ठावीस वर्षं गॅस बंद करायची आठवण करतेय, आधी ती यादी संपू दे.

दुसऱ्या परीक्षेला मात्र, तुला सांगतो, मी वेगळाच माणूस होतो. प्रत्येक धाग्याआधी तोंडाने म्हणायचो, आधी नळी, मग सांधा. अकरा सांधे झाले, अकरा नळ्या बसल्या, वीस मिनिटं हातात होती. तेवढ्यात मोठे साहेब पाहणीला आले आणि माझ्यापाशी थांबले. "काय मग, जुनी खोडं नवी पालवी?" असं काहीतरी म्हणाले. मला चेव आला. म्हटलं, साहेब, या कामात एकच गोष्ट महत्त्वाची, नळी. लोक कौशल्य कौशल्य करतात, पण नळी विसरला तो मेला. साहेबांनी विचारलं, विसरतात का लोक? मी म्हटलं, विसरतात म्हणजे काय, परवा एक जण पाच वेळा विसरला. हे सगळं मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलत होतो, आणि हात आपले बारावा धागा पुसत होते, कापत होते, सांधत होते. यंत्र वाजलं. मी वळलो. डबीत एक नळी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घाईत तोडायला गेलो तो शेजारचे दोन सांधेही हातात आले. साहेब निघून गेले होते, आणि तिन्ही पुन्हा करायला वेळ उरला नव्हता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी काहीच लावलं नाही, ना काका ना साहेब. त्याचं मला जास्त लागलं.

स्टोअरचं काम वाईट नसतं, मला माहीत आहे. पंखा आहे, खुर्ची आहे (बसता आलं की). पण तिथे दिवसभर काय द्यायचं माहितेय? नळ्या. शंभराच्या पाकिटात. येणारा प्रत्येक जण पाकीट नेईल आणि बाहेर जाऊन दोन गावांमधला उजेड जोडेल, आणि मी रजिस्टरात टिकमार्क करीन. खड्ड्यातून वर आलो की मी जोडलेल्या तारेवर कुणीतरी कुणाशी तरी बोलत असेल या एका गोष्टीवर मी एकतीस वर्षं जेवलोय. हसण्यावारी नेतोय, पण मला भीती वाटते ताई. माझ्याबरोबरचे सगळे निवृत्ती घेऊन घरी गेले. मला जायचं नाही. मला तो सांधा येतो. मॅडमसुद्धा म्हणतात, वर्गात सगळ्यात चांगला काकांचा सांधा. फक्त उघडा.

हे लिहिताना उगाच एक जुनी गोष्ट आठवली. मी नोकरीवर रुजू झालो तो दिवस. मी फाटकातून आत गेलो होतो, सगळी टोळी उभी होती, मुकादम हजेरी घेत होता, आणि तू रस्त्यापलीकडून ओरडलीस, "रुमाल घेतलास का?" त्या दिवसापासून खात्यात माझं नाव रुमाल. नव्या लोकांना माझं खरं नाव माहीतही नाही, मॅडमच्या यादीतही कुणीतरी पेन्सिलीने 'रुमालकाका' लिहिलंय. संध्याकाळी घरी येऊन मी तुझ्यावर केवढा ओरडलो होतो. आयुष्यात मला पुन्हा काही विचारायचं नाही म्हणालो. त्याआधी तू दारात उभी राहून रोज विचारायचीस, डबा घेतलास, किल्ली घेतलीस, बटणं नीट लावलीस. आणि तू अशी हट्टी, की खरंच बंद केलंस. माझ्या लग्नाच्या दिवशी मी एका पायात नवा बूट आणि एका पायात जुना घालून निघालो, तू दारातच होतीस, तू खाली पाहिलंस, वर माझ्याकडे पाहिलंस, आणि गोड हसून बाजूला झालीस. फोटोत अजून दिसतो तो जुना बूट. एकतीस वर्षांत तू मला एकदाही काही आठवण करून दिली नाहीस. त्या काळात माझ्या सतरा छत्र्या गेल्या.

असो. सहज आठवलं म्हणून लिहिलं, मनात काही नाही. मागणंही काही नाही. फक्त खरं काय ते तुला कळावं, आणि क्लासातल्या बायकांना तू सावकाश, बेताबेताने सांगावंस. गुडघ्यांना शेक देत जा. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
(सध्या उभा)

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलंय, ते खोडायचं राहून गेलं. परीक्षेच्या खोलीत मोबाइल नेता येत नाही. पण तिथे भिंतीवर एक जुना फोन आहे, अजून तांब्याच्या तारेवर चालतो. ती तार मीच जोडली होती, त्यामुळे आवाज चांगला येईल. नंबर पाठीमागे लिहिलाय. त्या पुढच्या शुक्रवारी अकराला पाच कमी असताना त्याच्यावर फोन कर. मी मॅडमना विचारलं, परीक्षा सुरू व्हायच्या आधी ताईचा एक फोन आला तर चालेल का, एकच वाक्य असेल. त्या म्हणाल्या, नियमात बसत नाही, पण घंटा वाजली तर कुणाला तरी उचलावाच लागतो. तू फक्त विचार, "नळी घातलीस का?" बारा वेळा विचारायची गरज नाही. तू दारात एकदा विचारलेलं 'डबा घेतलास का' मला शाळा सुटेपर्यंत ऐकू यायचं. मी तेव्हा जे बोललो ते परत घेतो. रुमालाचंही विचारलंस तरी चालेल, सगळ्यांसमोर विचार.

ता. क. २. अकराला पाच कमी म्हणजे सकाळी. तुला वेळेचं सांगतोय, मी.

ता. क. ३. काल हे पत्र पाकिटात घालून, डिंक लावून, तिकीट चिकटवून पेटीत टाकून आलो आणि जरा छाती पुढे काढून घरात शिरलो, तर तुझी भावजय फ्रीजसमोर उभी राहून ही सगळी पानं वाचत होती. तिने फक्त दुसरं पाकीट आणून दिलं. म्हणजे या पत्राच्या एक दिवस आधी तुला माझ्या अक्षरातलं, नीट चिकटवलेलं, रिकामं पाकीट मिळालं असेल. ते उघडून पाहिलंस तेव्हाच तुला सगळं कळलं असेल, फक्त वेळ आणि नंबर सोडून.